देव्हाऱ्यातला बिशप

अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या समोरच्या घरात जर्मन वंशाचे एक आजोबा एकटेच राहत. मध्ययुगात जर्मनीतले बरेच बिशप राज्यही करायचे आणि स्वतःची नाणी पाडायचे. तसली चांदीची नाणी आजोबांनी जमवली होती. त्यातल्या एकावर माझा डोळा होता. कागदाइतकं पातळ, मागून पोकळ आणि पुढे उठावात बसलेला बिशप, एका हातात दंड, दुसऱ्यात ग्रंथ. आजोबा ते कुणाच्या हातात देत नसत. दोन हिवाळे त्यांच्या दारातला बर्फ उपसल्यावर, २००६ साली, त्यांनी ते फोटो काढायला म्हणून दोन दिवस घरी नेऊ दिलं. फोटो फक्कड काढायचे, त्यांना खूश करायचं आणि मग नाणं विकत मागायचं, असा माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर टेबलावर नाणं नाही. पुण्याहून आलेली आई निवांत वाती वळत होती.

“आई, इथलं नाणं कुठंय?”

“नाणं कसलं? टाक आहे तो. देव असा टेबलावर टाकतात का रे? तोही वायरींच्या गुंत्यात!”

देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी बिशप बसला होता. पंचामृताने अंघोळ झालेली, कपाळाला कुंकू, पुढ्यात साखर. आईला तरी काय म्हणणार? चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, हातात आयुध. आमचे टाक अगदी असेच असतात. कुंकू पुसायला जावं तर नाणं चेपायची भीती. मला राग आला, आईचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तसाच समोर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आजोबा बूट घालून माझ्यामागोमाग आले आणि देव्हाऱ्यासमोर वाकून बघत राहिले. आता नाणंही गेलं आणि शेजारही, असं मला वाटलं.

“तिला विचार,” ते म्हणाले, “हा कोण आहे ते तिला माहीत आहे का?”

मी विचारलं.

“मला नाही बाई माहीत,” आई म्हणाली. “पण कुणाच्या तरी घरचा आहे ना? आपल्याकडे आलाय तोवर उपाशी कसा ठेवायचा?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी चष्मा काढून पुसला. “ती इथे आहे तोवर राहू दे त्याला.”

आई चार महिने होती. आजोबा रोज सकाळी पूजेच्या वेळी हजर! दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मला मात्र थोडा हेवा वाटायचा.

आई पुण्याला परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नाणं परत द्यायला गेलो. विकत मागायचं वाक्य घरून पाठ करून गेलो होतो. नाण्याकडे न बघताच आजोबांनी विचारलं, “पुन्हा कधी येणार ती?”

माझ्याच्याने काही मागवलं नाही.