मांडव उतरवणारी बाई

अकोटात लग्नाचे मांडव घालणारे बिछायतवाले दहा सापडतील, पण कामाआधी यजमानालाच अटी घालणारी नसीमबानो एकटीच. जनरेटर आचाऱ्याच्या चुलीपासून लांब राहील, पाइप हातभर खोल जाईल, आणि छताचं कापड तारेनं आवळणार नाही म्हणजे नाही. बाकीचे तारेनं आवळतात, ते दिसतंही ताठ. नसीमबानो सुती दोरीची सुरगाठ मारते. एक टोक ओढलं की गाठ सुटते आणि कापड खाली येतं. धंद्यातले लोक तिची टर उडवतात, "भाभीचा मांडव म्हंजे लेकराचा पायजमा. कवा सुटंल नेम नाई." ती म्हणते, "सुटते म्हनूनच बांधतो मी."

नवरा इनायतुल्ला शिडीवरून पडून कमरेतून गेला, तेव्हा ती तिशीत होती. ओढणी कमरेला खोचून ती त्याच शिडीवर चढली. मोहल्ल्यात कुजबूज झाली, बाईमाणूस शिडीवर चढते म्हणून. तिनं चौकात उभं राहून विचारलं, "तुमच्यातलं कोन चढते? या. मी उतरतो." कोणी आलं नाही. त्या दिवसापासून तिला शहाणपण शिकवायला फारसं कोणी धजावत नाही.

पण एकदा तिनं दुसऱ्याचं ऐकलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, अंजनगावच्या रस्त्यावरच्या एका गावात. आभाळ काळवंडलं, ती कापड सोडायला निघाली, तर यजमानानं हात जोडले. "पंगत तेवढी उठू द्या." हिला संकोच वाटला. वारा कापडाखाली शिरला आणि पाइपांसकट मांडव उपटून घेऊन गेला. पुऱ्या लाटणारी वच्छला पाइपाखाली सापडली. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ती आजतागायत धड चालत नाही. चूक यजमानाची होती, वाऱ्याची होती, असं सगळे म्हणाले. नसीमबानोनं ते कधीच मान्य केलं नाही. चूक आपली, कारण दोरी आपल्या हातात होती, असं ती आजही म्हणते. सुरगाठी त्यानंतरच्या.

परवाच्या मे महिन्यात अकोटाजवळच्या एका खेड्यात नत्थुजींच्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. त्या आठवड्यात वादळाचे इशारे चार वेळा आले होते आणि चारही वेळा झाडाचं पान हललं नव्हतं. त्यामुळे पाचच्या सुमारास मांडवातले सगळे फोन एकदम किंचाळले, तेव्हा लोक हसले. कोणी म्हणालं, "आला पाहा लांडगा!" फोन गप करून मंडळी पुन्हा सरबताकडे वळली.

नसीमबानोनं मात्र चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. तीन तासांत विजांचा कडकडाट, ताशी साठ किलोमीटरचा वारा. तिनं सातपुड्याकडे पाहिलं. डोंगर दिसेनासा झाला होता आणि इकडे घामानं जीव जात होता. ती सरळ नत्थुजींकडे गेली.

"नत्थूभाऊ, कापड उतरवतो मी. लोकाईले शाळेत न्या. पक्का स्लॅब हाय, शंभर पावलावर."

नत्थुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. "भाभी, डोकं ठिकानावर हाय ना? पोरगी बोहल्यावर चढाच्या आंधी मांडव उतरवाचा? अपशकुन करता का माह्या घरी?"

इथे दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. परधर्माच्या बाईनं यांच्या शकुन-अपशकुनात बोलावं कसं? पण पंचवीस वर्षं लोकांच्या दारात उभी राहिलेली ही बाई, तिला मांडवाचा कायदा भटजींइतकाच पाठ.

"मांडव कोनता, भाऊ?" तिनं दाराकडे बोट दाखवलं. तिथे चार बल्ल्यांवर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या टाकलेल्या होत्या, कालच हळद लावून पूजलेल्या. "तुमचा मांडव थो. हिरवा. त्याले मी हात लावत नाई. अन् हे जे वर तानलं हाय ना, हे माह्यं कापड हाय. याले ना हयद लागली ना कुंकू."

नत्थुजींची आई गोदाबाई ओसरीवरून ओरडली, "नत्थू, बाई खरं बोलून राहिली. कापडाचा कायचा शकुन रे? माह्या लग्नात कुठी होतं कापड?"

पण नत्थुजींचं दुखणं शकुनाचं नव्हतंच. व्याही अमरावतीचे, वरात वेशीत आलेली, आणि असल्या पाहुण्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवायचं? त्यांनी मान हलवली. "नाई म्हंजे नाई. कापडाले हात लावसान, तर या गावात पुन्हा तुमचा पाइप नाई गाडू देनार."

ही धमकी पोकळ नव्हती. या एका गावाच्या शब्दावर आसपासच्या पाच गावांची लग्नं तिच्याकडे येत. नसीमबानोला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिनं आपल्या माणसाला, देवमनला, हाक मारली. तो जागचा हलेना. "भाभी, मारतीन आपल्याले," तो पुटपुटला. मग तीच निघाली.

"उठा वो सगळे! कापड खाली येऊन राहिलं!" असं तीनदा ओरडून तिनं पहिली दोरी ओढली. मग दुसरी. झालर, गुलाबी छत, लाइटांच्या माळा, सगळं हळूहळू खाली बसलं. बँडवाले वाजवायचे थांबले. बाया लेकरं उचलून पळाल्या, म्हाताऱ्यांनी तोंड सोडलं. कोणी तिला वेडी म्हणालं, कोणी तिची जात काढली. ती एकेक गाठ सोडत पुढे गेली. शेवटी नाइलाजानं वऱ्हाड, वरात, भटजी आणि भाजीची पातेली शाळेत गेली, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मंगलाष्टकं झाली.

आणि वारा आलाच नाही. ढग गडगडत डोक्यावरून सरकले, चार थेंब पडले, मातीचा वासही धड सुटला नाही. आठ वाजता आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ.

पंगती उठल्यावर नत्थुजी भर व्हरांड्यात तिच्यासमोर उभे राहिले. आवाज चढलेला, डोळ्यांत पाणी. "कुठी हाय तुमचं वादळ? दाखवा ना! माह्या पोरीच्या लग्नाचं हसं केलं तुमी!"

लोक जमले. देवमननं मान खाली घातली. ती माफी मागेल, असं सगळ्यांनाच वाटलं. पोरीच्या बापाचं दुःख तिला कळत होतं, जिवाला लागतही होतं. तरी ती जागची हलली नाही.

"मानूस किती आलं होतं, भाऊ?"

"साडेतीनशे. काहून?"

"अन् घरी किती चाल्लं?"

नत्थुजींनी फाटकाकडे पाहिलं. लोक लेकरांना खांद्यावर टाकून, पान चघळत, तिलाच शिव्या देत आपापल्या गाड्यांकडे निघाले होते. "तेवढंच," ते नाइलाजानं म्हणाले.

"मंग झालं तर," नसीमबानो म्हणाली. "वादळ आलं असतं तरी मले आकडा हाच पायजे होता."