गासच्या अंकलचा रिसीव्हर

आचोळ्याला आमच्या तळमजल्याच्या खोलीत मी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे आणि लोकांना सांगायचे की आमचे साहेब करतात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आयटीआयचं सर्टिफिकेट माझं, सोल्डरिंगचे चटके माझ्या बोटांवर, पण दारात आलेला माणूस मला बघून सेट परत रिक्षात ठेवायला निघायचा. दोन-तीनदा तसं झाल्यावर एकाला म्हटलं, "ठेवून जा, ते संध्याकाळी आले की बघतील." तो निमूट ठेवून गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमचे साहेब म्हणजे माझा नवरा, बँकेत कारकून, घरातला फ्यूज उडाला तरी मलाच हाक मारायचे. त्यांना या खोट्याची गंमत वाटायची. मला राग यायचा, पण कामं येत होती.

डिसेंबरात पुलापलीकडच्या गास गावचे एक अंकल चादरीत गुंडाळलेला स्टीरिओ रिसीव्हर घेऊन आले. जहाजावर नोकरीला असताना जपानच्या बंदरात घेतलेला, लाकडी पेटीचा, दोन हातांनी उचलावा लागेल असा. घरी ते आपली सामवेदी बोली बोलत असणार, माझ्याशी मात्र शाळेतलं मराठी बोलायचे, तेही मोजून. म्हणाले, "उजवा स्पीकर मुका झालाय. नाताळाच्या आत पाहिजे. साहेबांना नीट सांगा."

उघडून बघितलं तर उजव्या बाजूचे दोन्ही आऊटपुट ट्रान्झिस्टर गेलेले. आवाजाला शेवटचा जोर हेच देतात, त्यामुळे भार आला की आधी हेच मरतात. मुंबईच्या बाजारातून त्याच नंबरचे चार आणले, दोन लावले, दोन जपून ठेवले. सेट छान वाजला. अंकल खुशीत घेऊन गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. आवाज थोडा मोठा केला तर जळका वास येऊन उजवी बाजू पुन्हा बंद.

रविवार होता. अंकल दारातूनच म्हणाले, "साहेबांना बोलवा. मला त्यांच्याशीच बोलायचंय."

साहेब आत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं आणि खरोखरच उठले. माझ्या वाटची बोलणी खायला निघाला होता बिचारा माणूस. तेवढं होऊ दिलं असतं तर माझं काहीच बिघडलं नसतं. खोटं आणखी दहा वर्षं चाललं असतं. पण मला त्या क्षणी स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बसा." आणि अंकलना सांगितलं, "सेट मी उघडला होता. इथले सगळे सेट मीच उघडते."

अंकलनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आतल्या दाराकडे. आता ते सेट उचलणार आणि उद्या पुलापलीकडच्या एकाही घरातून माझ्याकडे रेडिओ येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी स्टूल ओढलं. "माझ्यासमोर उघडा," ते म्हणाले.

मी आधी हॅक्सॉ, म्हणजे धातू कापायची करवत घेतली. जपानहून आलेला मूळ ट्रान्झिस्टर कचऱ्याच्या डब्यात अजून होता. त्याची धातूची टोपी कापली, मग माझ्याकडे उरलेल्या नव्यातल्या एकाची कापली. जुन्याच्या आत भार पेलणारा दाणा तुरीच्या डाळीएवढा होता, नव्यात मोहरीएवढा. नंबर तोच, चकाकी जास्त, आत मोहरी.

"नकली," अंकल म्हणाले.

"नकली. पण एक कापून बघायची अक्कल मला आधीच यायला हवी होती."

टेबलाखाली एक मेलेला अ‍ॅम्प्लिफायर पडला होता. चंदनसारचा लाऊडस्पीकरवाला पावसात भिजवून माझ्याकडे टाकून गेला होता. त्यात त्याच जातीचे चार होते, जुने, अस्सल. मल्टिमीटरने तपासून दोन जुळणारे काढले. या वेळी आजूबाजूचा प्रत्येक रेझिस्टरही तपासला, तर एक जळून भलतीच किंमत दाखवत होता. तोही बदलला. ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाच्या नव्या चकत्या घातल्या, उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावली आणि स्क्रू आवळले. तीन तास अंकल हलले नाहीत. साहेबांनी दोनदा चहा आणून ठेवला.

मग शंभर वॉटचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये लावून वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून तसाच राहतो. बल्ब पेटला. मग तो हळूहळू मंद झाला आणि विझल्यासारखा राहिला. स्पीकर जोडायच्या टोकांवर मीटर शून्य दाखवत होता, म्हणजे स्पीकर जळायची भीती नव्हती. बल्ब काढला, सेट थोडा तापू दिला, बारीक स्क्रू ड्रायव्हरने ट्रान्झिस्टरचा करंट बेताचा बसवला आणि मगच स्पीकर जोडले.

रेडिओवर कोणीतरी बातम्या देत होतं. अंकलनी बॅलन्सचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं, आवाज वाढवला आणि हात पेटीवर ठेवून बसले. शेजारणी डोकावून गेल्या. तासभर तो सेट ओरडत राहिला आणि त्याला काही झालं नाही.

शेवटी त्यांनी बटण बंद केलं. "मी गावात सांगितलंय, आचोळ्याच्या साहेबाने माझा सेट जाळला. आता काय सांगू?"

"खरं ते सांगा. जाळला मी, आणि वाजवलाही मीच."

त्यांनी मान हलवली आणि चादर पसरली. मी आत वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. सेट जड आहे, अंकलच्या रिक्षापर्यंत नेऊन द्या."