निगेटिव्हमधली साडी

महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात बसून गेली वीसेक वर्षं मी मोठमोठ्या कंपन्यांना कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं ते सांगतो. लोक ऐकतात, मला पगारही मिळतो. घरी मात्र निगेटिव्ह स्कॅन करायला दोनपैकी एक सॉफ्टवेअर निवडायचं होतं, तर त्याला सहा आठवडे पुरले नाहीत. बायको म्हणाली, "तुझ्या क्लायंटना हे कळू देऊ नकोस हं."

खरं तर सुरुवात झाली बाबांच्या डोळ्यांपासून. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, पण उजव्याला बाबा कुणाला हात लावू देईनात. दोनदा तारीख घेतली, दोनदा त्यांनी रद्द करायला लावली. बाबा सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनियर. "एक नवा बसवलाय ना? मग जुना चालतोय तोवर काढायचा नाही. स्टँडबाय लागतो." डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, फार लांबवू नका, नंतर अवघड जाईल. मला त्याचाच घोर लागला होता. सरळ सांगून ऐकणाऱ्यातले बाबा नव्हेत. म्हणून म्हटलं, त्यांनीच काढलेले जुने फोटो त्यांना दाखवू. नीट दिसले नाहीत की आपण होऊन तयार होतील. एवढा धूर्त डाव मी जन्मात दुसरा टाकलेला नाही.

शिवाजीनगरातून एक वापरलेला स्कॅनर आणला. दुकानदारानं काचेवरून फडकं फिरवत "सरी होगत्ते, सार" असा कानडीत धीर दिला. होईल सगळं ठीक! स्कॅनरचं मूळ सॉफ्टवेअर माझ्या नव्या कॉम्प्युटरवर उघडलंच नाही. उरली दोन. एक फुकटचं, त्यात नुसती बटणंच बटणं. दुसरं विकतचं, पैसे भरेपर्यंत ते प्रत्येक फोटोवर तिरकं आपलं नाव छापायचं.

निगेटिव्हच्या पट्ट्या बाबांनी नंबर घालून फायलीत लावलेल्या, सोबत एक वही. पहिल्या पट्टीत लालबागेतल्या काचघरासमोर आई उभी. लग्न होऊन पुण्याहून इथे आली त्या वर्षातली. अंगावर बाबांनी स्वतः निवडून आणलेली पहिली साडी.

रंगीत निगेटिव्ह म्हणजे एक नारिंगी पट्टी, त्यात सगळे रंग उलटे. ते सुलटे करताना प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या अकलेनं अंदाज बांधतं. फुकटच्यात साडी विटकरी निघाली. विकतच्यात वांगी.

"वांगीच होती," आई म्हणाली.

बाबांनी स्क्रीनला नाक लावलं. "दोन्ही विटकरीच आहेत. फुकटचं घे. आणि साडी मी आणली होती."

"आणली तुम्ही, नेसले मी."

साडी घरात असती तर प्रश्नच मिटला असता. पण ती कधीच भांडीवालीकडे गेलेली. तिच्या बदल्यात आलेलं दुधाचं पातेलं आईनं पुरावा म्हणून आणून टेबलावर ठेवलं. पातेलं चकचकीत होतं, पण रंगाबद्दल काही बोलेना. मग बाबांची वही काढली. ऊन की ढग, शटर किती, फिल्म कुठली, सगळं होतं. साडीचा रंग नव्हता.

"ढगांची नोंद ठेवलीत," आई म्हणाली, "माझी नाही."

आता या दोघांत निकाल द्यायचा म्हणजे मला घरात राहायचं होतं की नाही? मी मुकाट्यानं बटणं फिरवत राहिलो.

एका रविवारी सकाळी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडून, डावीकडे विटकरी, उजवीकडे वांगी, डोकं धरून बसलो होतो. बाबा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाले आणि दारातच थबकले.

"ही! उजवीकडची. अरे, हीच साडी!"

लगबगीनं टेबलाशी आले, नाक लावलं. "गेली."

पुन्हा दारापर्यंत मागे सरकले. "आली."

"कसली कवायत चाललीय?" आईनं आतून विचारलं.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. डाव्या डोळ्यातलं नवं भिंग लांबचं दाखवणारं. जवळचा चष्मा दोन्ही डोळे झाल्यावर करायचा होता. म्हणजे इतके दिवस जवळचं सगळं बाबा त्या मोतीबिंदूनं पिवळ्या पडलेल्या उजव्या डोळ्यानंच बघत होते. त्यातून वांगीही विटकरीच दिसणार. बाबांनाही ते कळलं असावं. त्यांनी तळहातानं आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितली होती मी ती," ते म्हणाले. "तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघितली होती."

आई पदराला हात पुसत दारात आली. मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "भीती वाटते रे. डाव्याला पट्टी होती त्या दिवशी ही समोर बसलेली मला दिसत नव्हती. नुसतं काहीतरी पांढुरकं."

"मी बोलत होते की सारखी," आई म्हणाली.

"तेवढंच कळत होतं."

"मग या वेळीही बोलेन. आणि आता डावा आहे ना सोबतीला?"

बाबांनी कपातला गार चहा एका घोटात संपवला. "घे तारीख," ते मला म्हणाले. "आणि ते विकतचं घे."

उजव्याचंही ऑपरेशन झालं आणि महिन्याभरानं नवा चष्मा आला. त्याच दुपारी बाबांनी वही काढली, लालबागेच्या ओळीपुढे शेऱ्यात लिहिलं : साडी जांभळी.

"जांभळी काय? वांगी," आई मागून वाकून म्हणाली. "जांभळी ती तुमच्या बहिणीनं दिलेली. तिचे काठ बघा, आठवतात का तरी..."

बाबांनी जांभळी खोडून वांगी लिहिलं. मग वही मिटली आणि चष्म्यातून तिच्याकडेच बघत बसले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तू बोल ना."