शंभराच्या रेघेवरचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, आणि तिच्या लेखी मी सरळ माणूस होतो. मग तुम्हाला का सांगतो आहे? मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते व्हायचं नाही.

वानखडे मला आवडत नव्हता. आज समोर आला तरी आवडणार नाही.

अमरावतीच्या एका हायस्कुलात आम्ही दोघं सायन्स शिकवायचो. मी वकिलाचा मुलगा, नागपुरात शिकून आलेला, अकरा वर्षांचा जुना मास्तर. तो चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याच्या घरातला पहिला पदवीधर, वर्षाच्या बोलीवर घेतलेला. वर्गात सरळ वऱ्हाडीत बोलायचा. पितळेच्या परातीत सरकी आणायचा. दाबून बसवली की म्हणायचा, हे घन. परात कलती करून सरकी घरंगळू द्यायचा — हे द्रव. मग मूठभर हवेत उधळायचा, हा वायू. सगळा वर्ग सरकीनं भरायचा, शिपाई कुरकुरायचा, मुलं हसायची. आणि त्यांना समजायचं. माझ्या वर्गात काय व्हायचं? पाठ व्हायचं.

तरी एवढ्यावरून मी काही केलं नसतं. असं मला वाटतं — खात्री कुठे आहे?

एकदा मी सांगत होतो की पदार्थ तापला की त्याचे कण फुगतात, म्हणून पदार्थ वाढतो. अकरा वर्षं हेच सांगत आलो होतो. वानखडे खडू मागायला दाराशी आला होता. तो थांबला.

"मास्तर, कण नाई फुगत," तो म्हणाला. "कण हाये तेवढाच राह्यते. जास्त हालाले लागते, म्हणून मंधातली जागा वाढते."

चाळीस मुलांसमोर. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. असतं तर भांडता आलं असतं. मी म्हटलं, "तुमचा तास चालू आहे ना?" तो खडू घेऊन गेला. घरी जाऊन मी पुस्तक उघडलं. त्याचंच बरोबर होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे शाळा तपासायला साहेब नागपूरहून यायचे. त्या वर्षी हेडमास्तरांनी वानखडेला त्यांच्यासमोर धडा घ्यायला सांगितलं. त्याला कायम करायचं की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. त्यानं एक प्रयोग निवडला. पन्नास माप पाण्यात पन्नास माप स्पिरिट ओतायचं — शंभर भरत नाही, कमी भरतं. कणांच्या मधे जागा असते, एकाचे कण दुसऱ्याच्या जागेत शिरतात. शनिवारी त्यानं तो मला करून दाखवला. रेघा आखलेल्या काचेच्या नळीशी मी स्वतः वाकून पाहिलं. शंभराच्या खाली तीन रेघा. मी म्हटलं, "हो, कमी आहे." तो लहान मुलासारखा खूश झाला. मला ते बघवलं नाही.

सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर गेलो. बाटलीतलं बहुतेक स्पिरिट मोरीत ओतलं. वास राहावा म्हणून तळाशी थोडं ठेवलं — बघा, किती विचार केला होता — आणि वर माठातलं पाणी भरलं.

साहेबांसमोर नळीतलं पाणी शंभराच्या रेघेवर जाऊन थांबलं. वानखडेनं नळी डोळ्यांशी नेऊन पाहिली. म्हणाला, "पुन्हा करून पाहतो." त्याच बाटलीतून पुन्हा ओतलं, पुन्हा शंभर. मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, असं कमी भरलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?

वानखडे माझ्याकडे बघत होता. हसऱ्या तोंडानं — सुटलो, आता मास्तर सांगतील, असं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "कधीच नाही."

पाणी भरणं हा माझा दुष्टपणा होता. पण हे दोन शब्द? ते न बोलताही माझं निभावलं असतं.

शाळा सुटल्यावर त्यानं मला फाटकाशी गाठलं. चिडला नव्हता, गोंधळला होता. "मास्तर, शनिवारी तर तुमीच पाह्यलं होतं. कमी भरलं होतं ना?"

"तुम्ही म्हणालात म्हणून मी हो म्हटलं," मी म्हणालो. "मला नीट दिसलंच नव्हतं."

त्याला कायम केलं नाही. त्याच्या वर्गातल्या मुलांना पुढे मीच शिकवलं. कण फुगतात, हेच शिकवलं — निवृत्त होईपर्यंत, माहीत असूनही.

नऊ-दहा वर्षांनी भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेलो होतो. बाजारात मागून हाक आली. तो एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत तपासायचं काम करत होता. कपड्यांना, भुवयांना कापूस चिकटलेला. बळेच चहाला घेऊन गेला. मास्तरकी सोडली म्हणाला.

"काहून सोडली?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. थट्टेनं.

"जे आपल्याले नक्की ठाऊक नाई, ते पोरायले कसं सांगावं?" तो म्हणाला. "घरी करून पाहावं म्हणून स्पिरिट आणलं होतं. बाटली उघडाचा धीर नाई झाला. तुमी शिकलेले माणूस. तुमीच सांगा मास्तर — शनिवारी म्या खरंच पाह्यलं होतं, का मले वाटलं?"

ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

"वाटलं असेल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, आणि कप उचलून शांतपणे चहा संपवला. मी त्याच्याकडे बघत होतो. आणि मला बरं वाटत होतं.