मूळ गावाचा रकाना

डायरी लिहायची सवय असली की किस्से आपोआप साठतात. हसण्याचे किस्से आपण पार्टीत सांगून मोकळे होतो. रागाचे मात्र वहीतच राहतात आणि आंबत जातात. अमेरिकेतल्या हर्नडनच्या लायब्ररीतले माझे बहुतेक किस्से या दुसऱ्या प्रकारचे!

२००३ साली माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती, फुकट राबायला नव्हती. म्हणून दर शनिवारी मी लायब्ररीत जाऊन बसायचे. अमेरिकेच्या जुन्या जनगणनेची पानं तेव्हा नुकतीच ऑनलाइन आली होती आणि आपले पूर्वज शोधायला लोक रांग लावायचे. त्यांच्या मदतीला आम्ही दोन व्हॉलंटियर. एक मी, दुसरे आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सुधाकरकाका. रिटायर्ड इंजिनियर, मूळचे रत्नागिरीचे.

*

एक टायवाला गोरा गृहस्थ यायचा. त्याच्या आजीने त्याला सांगून ठेवलं होतं की त्यांचं घराणं इंग्लंडमधल्या कुठल्याशा किल्ल्यातलं. मी बरीच खटपट करून त्याचे पणजोबा काढून दिले. पत्ता, काउंटी जेल. नावापुढे, कैदी.

त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"इथं इंग्लिश वाचता येणारं कोणी आहे का?"

*

काकांना या सगळ्याचं हसू यायचं. आमची वंशावळ थेट पेशवाईपासून पाठ आहे, त्याला इंटरनेट कशाला, असं ते म्हणायचे. एकदा ती सुबक प्रिंट काढून घेऊनही आले. मोठं झाड, फांदीफांदीवर नावं. मी शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, यात तुमच्या आजी कुठं आहेत?

"बायका कशाला घालायच्या, वहिनी? त्या बाहेरून आलेल्या."

"आणि मुली?"

"त्या बाहेर गेलेल्या."

*

मग एका शनिवारी रूथमावशी आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, काळ्या, बाल्टिमोर सोडून इथं मुलीकडे राहायला आलेल्या. मी आधी त्यांना मिस रूथ म्हणायचे. मावशी म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हेच बरं आहे.

त्यांच्या आईकडचे पूर्वज शोधत आम्ही मागे मागे १८६० पर्यंत पोचलो. तिथं गुलामांची पानं वेगळी. मालकाचं नाव लिहिलेलं आणि त्याच्याखाली बिननावाची माणसं. स्त्री, बारा वर्षं. पुरुष, चाळीस. स्त्री, दोन. मावशी बोट लावून एकेक ओळ वाचत होत्या.

शेजारच्या कॉम्प्युटरवर तोच टायवाला. त्यालाही त्या दिवशी तसलंच पान सापडलं, फक्त त्याचा पूर्वज मालकाच्या रकान्यात होता. त्याने खूश होऊन वळून मावशींनाच सांगितलं, "बघा, म्हटलं नव्हतं? मोठं घराणं होतं आमचं!"

मावशींचं बोट 'स्त्री, दोन' या ओळीवरच होतं.

*

मावशींना खरे हवे होते त्यांचे वडील. इब्राहिम. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारे खलाशी, बाल्टिमोरला उतरले आणि तिथंच राहिले. मावशी लहान असतानाच वारले. त्यांच्या थडग्यावर दगड नव्हता. मावशी तो आता बसवणार होत्या आणि त्यावर वडिलांचं गाव कोरून घेणार होत्या. गावाचं नाव आई सांगायची, पण भाचे म्हणायचे, असं गावच नाही, आजीने मनानं रचलंय.

नाव होतं रत्नागिरी.

मी म्हटलं, आहे! माझी मामी तिथलीच. मावशी कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या.

१९२० च्या पानात इब्राहिम सापडले. खलाशांच्या खानावळीत, 'गोरा'. १९३० च्या पानात तेच इब्राहिम, सोबत काळी बायको आणि छोटी रूथ. आता 'निग्रो'. जन्मस्थान दोन्हीकडे नुसतंच इंडिया. मी चिडले. एकाच माणसाचा रंग बदलतो कसा?

मावशी शांतपणे म्हणाल्या, "विचारतंय कोण? गणनेवाल्याने दारातून बघून लिहिलं असणार."

मी उठून काकांकडे गेले. म्हटलं, काका, तुमच्या गावचा माणूस सापडला! काकांनी कौतुकाने नाव विचारलं. मी सांगितलं.

"मग आपला नव्हे," म्हणाले आणि सँडविचचा कागद सोडायला लागले.

*

दगडवाल्याला सांगण्याआधी मावशींना रत्नागिरीच्या एका तरी माणसाच्या तोंडून 'हो, तुम्ही आमच्या गावच्या' एवढं ऐकायचं होतं. काकांचं ते वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. मंडळात रत्नागिरीची आणखीही घरं होती, म्हणून मी त्यांना मंडळाच्या गणपतीला घेऊन गेले. त्या चर्चला घालतात ती निळी हॅट घालून आल्या होत्या.

गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसवला होता, त्याच्या दारातच टेबल होतं. टेबलामागे काका, समोर इंग्लिशमधलं रजिस्टर. नाव, फोन, मूळ गाव.

मावशींनी नाव सांगितलं. फोन सांगितला. मग एक श्वास घेतला. गाडीत सगळा रस्ता त्यांनी तो एक शब्द माझ्याकडून घोटवून घेतला होता.

काकांनी वर बघितलं, हसले, आणि काही न विचारता तिसऱ्या रकान्यात 'यूएसए' लिहून मोकळे झाले. "एंजॉय, मॅडम."

मी तोंड उघडणार तोच मावशींनी माझा हात दाबला. रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, चष्मा लावला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तुम्हीही दारातून बघूनच लिहिता?"