म्हाळू मर्द झाला

भांडगावचा म्हाळू मुळात लई भित्रा. जत्रंत बोकड कापायची वेळ झाली, की हा पठ्ठ्या तोंड फिरवून देवळामागं जायचा. गाव त्याला बायल्या म्हणून चिडवायचं, आन् हा आपला हसायचा. त्याच्या बायकोला, बानूबाईला, नेमकं तेच हसू आवडायचं.

मग एका गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीवरनं पडून त्याचं कपाळ हायवेवर आपटलं. टाके पडले, जखम भरली, गडी उठून बसला. पण दूध करपून घरभर धूर झाला तरी त्याला वास येईना. आन् जराशा कारणावरनं हात उठायला लागला. आधी बैलावर, मग बानूबाईवर.

गाव काय म्हणालं असंल? "म्हाळू मर्द झाला!" त्या साली जत्रंत त्यानं स्वतः बोकड कापले, तवा शिट्ट्या काय, गुलाल काय! वा रं शहाण्यांनो!

बानूबाईनं त्याला यवतच्या डॉक्टरला दाखवलं. "रागाला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग दुखावलेला दिसतोय," डॉक्टर म्हणाला. "पुण्याला नेऊन डोक्याचा फोटो काढा. नाहीतर हा एखाद्याचा जीव घेईल." एसटीत हा कुणाचं टाळकं फोडंल याचा नेम न्हाई, म्हणून तिनं हरिबाआप्पांची जीप मागितली.

आप्पा सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते. म्हाळूला संगं घेऊन हिंडलं की समोरच्याची बोबडी वळायची. असला हुकमी गडी आप्पा बरा होऊ देतील व्हय? "आगं, गडी रागीटच असावा," ते मिशीत हसले. "निकाल लागू दे, मग बघू."

निकाल लागला, आप्पा निवडून आले. गुलालात न्हालेल्या आप्पांनी लाडानं म्हाळूच्या पाठीत थाप मारली, "काय रं बायल्या!" म्हाळूनं शेजारच्या झेंड्याची काठी उपसली आन् आप्पांच्या टाळक्यात घातली.

त्याच जीपमधनं आप्पांना पुण्याला पळवलं. आन् गावाला एकदम आठवलं, म्हाळूच्या आज्यानं बी कवातरी कुऱ्हाड उगारली होती. खोट रक्तातच हाय म्हणं! बानूबाईला सगळ्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

ती पोलीस चौकीत डबा घेऊन गेली. उन्हानं आमटी आंबली होती, वास तिला वाटंतच आला होता. म्हाळूनं ती मिटक्या मारत खाल्ली.

"आप्पा आलं न्हाईत व्हय?" त्यानं इचारलं.

"पुण्याला गेल्यात," ती म्हणाली. "तुमच्या वाटंचा फोटो काढाया."