रोवण्यातली जागा

उपटलेल्या धानपऱ्ह्यांचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, ओला वास आला की दिघोरीचा तो रोवणा, ती भातलावणी आठवते. आदल्या दिवशी वर्गात इंग्रजी कादंबरी शिकवताना, लग्नाआधी आई झाली म्हणून समाजाने टाकलेल्या नायिकेसाठी मी गहिवरलो होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपल्या गावातल्या तशाच बाईले रोवण्यात कोणी घेत नाही, तवा तुम्ही काहून बोलत नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी त्या बाईचा हात धरून चिखलात उतरली. "सरका वं काकू, दोघींची जागा करा!" रोवणाऱ्या बायांचे गाणे थांबले. मी बांधावरून पाहत होतो. तेवढ्यात एक म्हातारी हसून सरकली, "ये वं माय, माही तं कंबरच मोडली!" गाणे पुन्हा उसळले, दुप्पट जोराने! सरांनी आपल्या शिकवणीने त्या बाईला जागा मिळवून दिली, असे गाव आजही सांगते. मी मात्र त्या दिवशी बांधावरून खाली उतरलोच नव्हतो.